भिंतीतला जोड

चिकटपट्टीचा तो काळा तुकडा तळहातावर सरळ होईना. बोटाने दाबला की क्षणभर पसरायचा, सोडला की पुन्हा गोल. अकरा वर्षं वायरीला मिठी मारून बसलेला, आता वायर सुटली तरी वळण सुटत नव्हतं. तिने तो पुन्हा दाबला. स्टुलावरचा वायरमन भिंतीच्या भगदाडात मनगटापर्यंत हात घालून पाठमोराच बोलत होता.

"ताई, वायर कमी पडलीय म्हणून मध्येच जोड दिलाय. तो ओलीनं कुजला, म्हणून तुमचा उजवा स्पीकर मुका झाला. आणि गंमत बघा, जोडताना लाल काळीला लावलीय, काळी लालला. कुणी केलं हो हे?"

"घरीच केलं होतं," ती म्हणाली. मग तुकडा पुन्हा दाबत, "उलटं लावलं की काय होतं?"

"वाजतात की दोन्ही. पण एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. खालचा जाड आवाज एकमेकांत मरतो. पोकळ वाटत असेल बघा."

पोकळ... नेमका हाच शब्द तिने वापरला होता, याच खोलीत. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी नवऱ्याने नाकाला रुमाल बांधून सकाळपासून छिन्नीने भिंतीला झिरी पाडली, पाईप बसवला, वायरी ओढल्या, संध्याकाळी वरून गिलावा फासला — आणि ती दिवसभर त्याच्या मागे केरसुणी घेऊन, दातांत धूळ, तरी खूश, कारण घरात गाणं येणार होतं. गिलावा वाळल्यावर त्याने खुर्ची बरोबर मध्यावर ठेवून तिला बसवलं. तिने डोळे मिटले. आणि खरं तेच सांगितलं: पोकळ वाटतंय, गाणारी बाई समोर नाहीच, कुठेतरी भिंतीपलीकडे उभी आहे. त्याचा चेहरा पडला होता. तो तिला अजून आठवतो, आणि अजूनही, मेलं, थोडं वाईटच वाटतं.

"तुझे कान!" तो म्हणाला होता. मग त्याने तिला गाण्याच्या यंत्रामागची टोकं दाखवली, स्पीकरमागची दाखवली. "इथे लाल, तिथेही लाल. इथे काळी, तिथेही काळी. मधली वायर अखंड. आता वायर खोटं बोलते का?" वायर कशाला खोटं बोलेल! खोटं बोलायला तिच्यासमोर दुसरं कुणी नव्हतंच — किंवा होतं, पण लग्नाच्या माणसाबद्दल असं कुणी धरून चालत नाही. मधला जोड गिलाव्याखाली होता. तो त्याच्या लक्षात होता की नव्हता, देव जाणे.

एकदाच ऐकलं असतं तर विसरली असती. पण रोज संध्याकाळी दोन तास आवाजातला तोच खड्डा, आणि खड्डा नाहीच याचा रोज पुरावा... पाहुण्यांसमोर तो म्हणायचा, "आमच्या घरात दोन स्पीकर आणि एक तक्रार." सगळे हसायचे, तीही हसायची, आपलेच दात, आपलेच ओठ. मग त्याने मोठ्या मायेने तिला कानांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी अगदी नीट निघाली. जिना उतरताना तो म्हणाला, "मशीन नुसतं टूं-टूं मोजतं गं. गाणं कुठे मोजतं?" तिला तेही पटलं. मला तेही पटलं! तेव्हा मला काय पटलं नसतं?

आणि शाळेत, जिथे ती गाणं शिकवायची, तिला मुलं 'कानवाल्या बाई' म्हणायची. पन्नास पोरं एकदम गात असताना, पाठ फिरवून फळ्यावर लिहिता लिहिता, ती फक्त बोट वर करायची — तिसरी ओळ, डावीकडून दुसरी — आणि ती पोरगी लाजून सूर सावरायची. मग एक दिवस बोट वर गेलं आणि हवेतच थांबलं. हिचा सूर उतरला, की मलाच तसं वाटलं? तिने ते खाली घेतलं. पोरगी वर्षभर तशीच उतरलेली गात राहिली, वार्षिक समारंभातही. मोठ्या बाईंनी फक्त भुवई उंचावली. पुढच्या वर्षी ती स्वतः गाण्याचा तास सोडून ग्रंथालयात गेली. तिथे कुणी बेसूर नसतं. कुणी काढलं नव्हतं. मीच अर्ज लिहिला, माझ्याच सुंदर अक्षरात.

"सरळ करून देऊ ना?" वायरमनने विचारलं.

"करा. पण तो जोड कापून मला द्या."

"लोणचं घालता की काय?" तो हसला, पण त्याने कापून दिला.

नवी वायर अखंडच ओढली, तिच्या डोळ्यांदेखत. तो गेल्यावर तिने खुर्ची मध्यावर ओढली आणि गाणं लावलं. बाई समोर उभी होती... भिंतीवरच्या घड्याळाच्या बरोबर खाली, चार पावलांवर, श्वास घेताना ऐकू येईल इतकी. आनंद व्हायला हवा होता. राग आला.

दुपारभर तिने वाक्यं घोळवली. जोड बशीत ठेवला, लाल-काळी गाठ वर दिसेल असा. गाणं सुरू झालं की नवऱ्यालाच कळेल, मग विचारायचं: अखंड ना? अकरा वर्षांचं माप एकदाच त्याच्या पदरात घालायचं होतं, दुसरं काही नको होतं.

संध्याकाळी तो आला, चपला काढल्या, "झालं का काम?" म्हणत खुर्चीत बसला. गाणं लावून डोळे मिटले. ती स्वयंपाकघराच्या दारात बशी घेऊन उभी राहिली. एक गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला तो सुखाने म्हणाला, "हेच तर! होतं तसंच झालं बघ. माझं काम पक्कंच होतं, ओलीनं घात केला."

होतं तसंच... तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावर त्याचं बोट ठेका धरत होतं, आणि प्रत्येक ठोका किंचित मागे पडत होता. हे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच पाहिलं होतं. तेव्हा गोड वाटलं होतं, नंतर वाटलं, आपलीच चूक असेल. पोकळ नाही म्हणताना तो खोटं बोलला नव्हता. त्याने ऐकून दडपलं नव्हतं. त्याला कधी ऐकूच आलं नव्हतं — आणि याच माणसाला मी माझे कान तपासायला दिले. दुपारभर धार लावलेल्या रागाला आता कुठे ठेवायचं, तेच तिला कळेना.

"काय गं, अजून पोकळच का?" त्याने डोळे न उघडता, नेहमीच्या लाडाने विचारलं.

"नाही. आता नीट आहे."

"बघ! सुधारले की कान."

बशी तिने ओट्यावर ठेवली. गाणं चालू होतं, त्याचं बोट चालू होतं, मागे, पुन्हा मागे... आणि तिचा हात आपोआप उठला, तिसऱ्या ओळीकडे उठायचा तसा, एक बोट वर. या वेळी तिने ते खाली घेतलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.