बाहेरच्या अंगाला केसभर

"आलं का पाणी?" पाइपाची धार नव्या भिंतीवर धरून गवंडी बाहेरून ओरडला.

"नाही हो! खडखडीत कोरडी आहे," बायको आतून म्हणाली आणि लगेच खोकली.

तिच्या दम्यासाठीच तर ही दगडी खोली त्याने स्वतः बांधली होती. जुन्या खोलीतली ओल तिला सोसत नव्हती. आणि आता नव्या भिंतीवरही आतून डाग उठले होते. हयातभर लोकांच्या भिंतींना नावं ठेवणारा माणूस स्वतःच्याच घरात तोंडावर आपटला होता.

पाणी बंद करून तो आत गेला. बायको भिंतीला टेकून उभी होती.

"बाजूला हो."

"अहो, काही नाही इथे."

"हो म्हटलं ना!"

ती सरकली. डाग ताटाएवढा झाला होता आणि तिची पाठ ओलीचिंब.

"खोटं कशाला बोललीस?"

"डाग दिसला की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून."

तो तणतणत बाहेर आला आणि पहारीने त्या डागामागचे दगड उचकटू लागला. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड उघडा पडला. असा दगड बाहेरच्या अंगाला केसभर उतरता बसवायचा, म्हणजे शिरलेलं पाणी आल्या वाटेने परत जातं. कितीतरी नवशिक्यांना त्याने हे दटावून शिकवलं होतं.

त्याने दगडावर पाणसळ ठेवली. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा नेहमी उंच बाजूला पळतो. त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. नळीत नुसतं धुकं होतं. बांधतानाही धुकंच होतं. तेव्हा 'माझा हातच पाणसळ आहे' अशी बढाई मारून त्याने सगळे दगड अंदाजाने बसवले होते. खरं तर तो घाबरला होता. बुडबुडा न दिसणाऱ्या गवंड्याला कामावर कोण बोलावणार?

"चहा कपाबाहेर ओतायला लागलात, तेव्हाच कळलं मला," मागोमाग बाहेर आलेली बायको म्हणाली.

तो बाजूला सरकला. "बुडबुडा कुठंय, बघ."

"मधोमध."

"अगं, आता तरी खरं सांग!"

ती वाकली. "आपल्याकडे. पार टोकाला."

म्हणजे दगड आतल्या बाजूला उतरता. पाण्याला वाट त्यानेच करून दिली होती. त्याला रडू आवरेना. तोंड फिरवून त्याने बाहीने नाक पुसलं, मग दगडाखालचा सिमेंटचा माल खरवडला आणि दगडाचं बाहेरचं टोक हळूहळू खाली बसवू लागला.

"सरकला... अजून जरा... बस! थांबा!"

तो थांबला.

"असे अजून किती आहेत?"

"सगळेच."

"मग बसलात काय? उठा."

तो उठला. पाणसळीवरची धूळ त्याने सदऱ्याला पुसली आणि ती तिच्या हातात दिली.