दोनशे मिलिसेकंदांचा थांबा

माझ्याकडे कोड तपासायला आला की ऑफिसातली पोरं देव पाण्यात घालून बसतात, असं सुजीत म्हणतो. म्हणू दे. तो आमचा टीम लीड आहे, त्याला सगळ्यांशी गोड राहावं लागतं. मला तशी काही सक्ती नाही. मी बोईसरला घरी बसून काम करते, आठवड्यातून एकदा पालघरच्या ऑफिसात तोंड दाखवते, आणि उरलेला वेळ लोकांच्या कोडमधल्या चुका काढते. त्याचाच मला पगार मिळतो.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं भांडण कशावरून झालं ते कळेल. मोठ्या सर्व्हरमध्ये मेमरीची जी कार्डं बसतात त्यांच्या पोटात एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा स्वतःचा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमला या कार्डाकडून काही करून घ्यायचं असेल तर मध्ये ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर ठरलेल्या जागी हुकूम लिहितो, घंटी वाजवतो आणि वाट पाहतो. कार्ड काम उरकून त्याच जागी उत्तर ठेवतं आणि घंटी बंद करतं. एवढंच. हे एवढंच नीट लिहायला माणसांची वर्षं जातात.

तेजल ही पालघरजवळच्या मुरबे गावची मुलगी, आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. नवीन आलेल्या एका कार्डासाठी ड्रायव्हरमध्ये भर घालायचं काम सुजीतनं तिला दिलं होतं. हे कार्ड स्वतःची सगळी मेमरी मागच्या मागे साफ करतं, आणि ते चालू असताना आपण त्याला इतर प्रश्न विचारू शकतो. तिचे सहा महिने त्या शुक्रवारी संपत होते. शुक्रवारी चारच्या आत तिचा कोड मी पास केला तर तो नव्या आवृत्तीत जाणार आणि ती कायम होणार. नाही केला तर सुजीत तिला गोड शब्दांत निरोप देणार. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि तरीही मी चार वेळा तिचा कोड परत पाठवला होता.

भांडण एका ओळीवरून होतं. साफसफाई चालू असताना कार्डाला 'तब्येत कशी आहे' असं विचारण्याआधी तिनं दोनशे मिलिसेकंदांचा थांबा घातला होता. मी लिहिलं, 'हा थांबा कशासाठी? दोनशेच का? एकशे नव्वद का नाही?' तिचं उत्तर आलं, 'मॅडम, त्याशिवाय कार्ड कधीकधी गप्प बसतं.' मी लिहिलं, 'कधीकधी हे कारण नसतं.' दुसऱ्या खेपेला थांबा तसाच. तिसऱ्या, चौथ्या खेपेला तसाच. बाकी सगळं तिनं सुधारलं होतं, अगदी मी दाखवलेल्या स्वल्पविरामांसकट, पण ती ओळ काढायला बाई तयार नाहीत आणि कारण सांगायलाही तयार नाहीत. वर मी चाचणी लावली तर थांबा असूनही चाळीसातून एकदा कार्ड गप्प बसत होतं. माझं डोकं फिरलं. गुरुवारी मी तिला फोन करून सांगितलं की उद्या सकाळी माझ्या घरी ये, कार्ड इथेच आहे, काय ते समोरासमोर दाखव.

कार्डाचा नमुना एकच होता आणि तो आमच्या जेवणाच्या टेबलाखालच्या सर्व्हरमध्ये बसवलेला होता; तेजल ऑफिसातून नेटवरून त्यालाच जोडून काम करायची. त्याच्या पंख्याचा आवाज इतका, की अण्णा त्याला गिरणी म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे वडील, कमलाकांत. संगमनेरहून इकडे आले आणि एकतीस वर्षं अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कंट्रोल रूम काही त्यांच्यातून निघाली नाही. तिथला नियम असा, की कुठलीही सूचना मिळाली की ऐकणाऱ्यानं ती शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायची. आमच्या घरातही तेच. लहानपणी मला नुसतं 'हो' म्हणायची सोय नव्हती. 'अर्धा किलो साखर आण.' 'अर्धा किलो साखर आणते.' मैत्रिणी हसायच्या. आई तर अजून वैतागते, आणि दर उन्हाळ्यात संगमनेरला जाऊन महिनाभर कुणाचंही काहीही परत न म्हणता राहून येते.

पण मला त्या नियमाचा फायदा झाला. नऊ वर्षांपूर्वी आमचा ड्रायव्हर पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हा मी त्यात अण्णांचा नियम घातला. प्रत्येक हुकमाला क्रमांक असतो. कार्डाच्या उत्तरात तोच क्रमांक परत आला तरच उत्तर खरं मानायचं. नाही आला तर कार्डानं नीट ऐकलं नाही असं समजून हुकूम पुन्हा द्यायचा. अकरा ओळी आहेत. ऑफिसात नवीन माणूस आला की सुजीत पहिल्या दिवशी त्याला त्याच वाचायला देतो. मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही.

बोईसरच्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी असते, त्यामुळे रस्ता मोकळा होता. तेजल दहालाच हजर झाली. हातात मोठी डबी, त्यात आईनं दिलेली सोललेली कोलंबी. अण्णांनी दार उघडलं.

"चपला आत घे, डाव्या बाजूला ठेव. बाहेर कुत्रं नेतं."

तिनं मुकाट्यानं चपला आत घेऊन डावीकडे ठेवल्या. अण्णा तिच्याकडे बघत उभेच. मी आतून ओरडले, "अण्णा, ती पाहुणी आहे, तिला सोडा." तेव्हा कुठे ते बाजूला झाले.

मी तिला बसवलं आणि सुरुवातच तिखट केली. "थांबा काढून दाखव."

तिनं काढला. चाचणी लावली. नवव्या फेरीत कार्ड गप्प.

"बघितलंत ना मॅडम?"

"बघितलं. पण का?"

ती स्क्रीनकडे बघायची, माझ्याकडे बघायची, परत स्क्रीनकडे. माझ्या मनात आलं, हिला खरंच माहीत नाही, अंदाजानं आकडा टाकलाय आणि आता कबूल करायला लाजतेय. वाईट वाटलं. ही मुलगी हुशार होती, मेहनती होती, आणि आज चार वाजता माझ्यामुळे घरी जाणार होती. पण कीव आली म्हणून कोड पास करायची माझी पद्धत नाही.

"अण्णा, चहा टाकता का?" मी मान वर न करता म्हणाले. "तीन कप, एक बिनसाखरेचा."

"तीन कप चहा, एक बिनसाखरेचा," अण्णा म्हणाले.

मी नोंदी वाचत होते. दोन मिनिटांनी बघते तर अण्णा स्वयंपाकघराच्या दारात तसेच उभे.

तेजलनं विचारलं, "काका, काय हवंय का?"

"'बरोबर' हवंय," अण्णा म्हणाले. "हिनं सांगितलं, मी परत म्हटलं, आता हिनं 'बरोबर' म्हणायचं. मग मी गॅस पेटवणार. दोनच पायऱ्या करून कामाला लागलं तर आमच्याकडे मेमो मिळायचा."

"बरोबर," मी वैतागून म्हणाले. अण्णा आत वळले.

"काका," तेजल म्हणाली. "आणि समोरच्यानं परत म्हणताना वेगळंच काही म्हटलं तर? तर काय करायचे तुम्ही? लगेच परत सांगायचे?"

अण्णांना असा प्रश्न विचारणारं माणूस बारा वर्षांत भेटलं नव्हतं. ते बाहेर येऊन खुर्चीवरच बसले.

"अजिबात नाही. आधी म्हणायचं 'चूक', आणि थांबायचं. तो वेगळं का म्हणतोय ते बघायचं. एखाद वेळी त्याच्या हातात आधीचं काम असतं आणि तो त्याच्याबद्दल सांगत असतो. तेव्हा तू परत परत हुकूम देत बसलीस तर तो धड हे करणार नाही, धड ते करणार नाही. शेवटी हात वर करून बसेल."

तेजल माझ्याकडे बघत नव्हती. ती अगदी निश्चयानं कोलंबीच्या डबीकडे बघत होती.

मी माझ्या अकरा ओळी उघडल्या. कार्ड साफसफाईत असताना मी त्याला तब्येत विचारते. ते बिचारं साफसफाईचा क्रमांक परत पाठवतं, म्हणजे 'मी अजून त्यातच आहे' असं सांगतं. माझा कोड म्हणतो, क्रमांक जुळला नाही, यानं ऐकलं नाही. पुन्हा विचार. पुन्हा. सेकंदात हजारदा. जुनी कार्डं लांबलचक कामं करतच नव्हती, म्हणून नऊ वर्षं कुणाला दिसलं नाही. अण्णांच्या नियमातल्या दोन पायऱ्या मी उचलल्या होत्या आणि तिसरी घरी विसरले होते. आणि या मुलीचा थांबा म्हणजे दुसरं काही नव्हतं, कार्डाला माझ्यापासून जरा श्वास घेऊ देणं होतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन आठवडे, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा कोड हाय तो." एरवी ऑफिसात ती जपून बोलते, पण आता तिला भान नव्हतं. "सगळे त्याच्यावरून शिकतात. मी सहा महिन्यांची. तुमचं चुकलंय असं मी कसं लिहू? म्हटलं, बाजूनं वाट काढू."

मला हसू फुटलं. आधी नाकातल्या नाकात, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन आठवडे मी जिला अंदाजपंचे म्हणून झोडपत होते ती माझीच चूक पदराखाली झाकत होती, आणि त्यापायी स्वतःची नोकरी घालवायला निघाली होती. मला लाज वाटली, पण खरं सांगते, त्याहून जास्त आनंद झाला. नऊ वर्षांनी माझा कोड कुणीतरी खरोखर वाचला होता.

"खोड ते," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळ्या अकरा ओळी. आणि तुझा थांबाही."

तिनं पाऊण तासात सात ओळी लिहिल्या. क्रमांक जुळला नाही तर थांबायचं, कार्ड कशात अडकलंय ते बघायचं, ते उत्तर द्यायला मोकळं झालं की मगच विचारायचं. मी दोन ठिकाणी टोकलं, एका ठिकाणी तिनं मला उलट टोकलं आणि ती बरोबर होती. अण्णा मधे बसून प्रत्येक ओळ मराठीत समजावून घेत होते आणि परत म्हणून दाखवत होते. तेजल प्रत्येक वेळी न चुकता 'बरोबर काका' म्हणत होती. त्या नादात चहा राहूनच गेला.

मग अडलं ते बदलाची माहिती लिहिताना. आमच्यात रीत आहे, दोष काढला की तो कुठल्या जुन्या बदलामुळे आला, त्याचा क्रमांक आणि शीर्षक एका ओळीत लिहायचं. ती ओळ कायमची राहते, आणि आमचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे ती जगात कुणीही वाचू शकतं. तेजलनं बाकी सगळं लिहिलं आणि तिथे येऊन बोटं थांबली.

"ही ओळ नको ना मॅडम. नाय लिहिली तरी चालतंय."

"मी तपासतेय. ती ओळ नसेल तर मी पास करणार नाही."

तिनं लिहिली. माझ्या नऊ वर्षांपूर्वीच्या बदलाचा क्रमांक, त्याचं शीर्षक. मी एकेक अक्षर ताडून पाहिलं.

पावणेएकला चाचणी लावली, दोनशे फेऱ्यांची. चाळीस झाल्या. ऐंशी झाल्या. तेजल उठून गॅलरीत गेली, परत आली, परत गेली. दीडशेच्या पुढे अण्णा मोठ्यानं मोजायला लागले. दोनशेवी फेरी संपली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि कार्ड एकदाही गप्प बसलं नव्हतं. मी 'तपासलं' लिहून खाली माझं नाव घातलं आणि पाठवलं. साडेतीनला सुजीतचं उत्तर आलं, 'घेतला. तेजलला सांग, सोमवारी सही करायला ये.'

तेजलनं लगेच आईला फोन लावला. तिची आई पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसते, मागचा कलकलाट आम्हाला ऐकू येत होता.

"आये, झालं. नाय, आता नाय काडनार. कायमचं हाय." मग ती नुसती ऐकत राहिली, आणि गोंधळून फोन माझ्यासमोर धरला. "आईला तुमच्याशी बोलायचंय."

मी फोन घेतला.

"माज्या पोरीला रोज ओरडता त्या मॅडम तुमीच का?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

"मंग चूक सापडली का तिची?"

"सापडली. तिची नव्हती. माझी होती."

पलीकडे कुणीतरी भाव विचारत होतं. तिनं त्याला थांबायला सांगितलं. मग मला म्हणाली, "आसूदे, व्हतंय. पोर सकालपासनं उपाशी आसंल. कोलंबी दिलीय, ती करा, आन तिला पोटभर जेवू घाला."

"कोलंबी करते, आणि तिला पोटभर जेवू घालते," मी म्हणाले.