सदतिसाव्या पानावरची घडी

मी शेवटचा छापील अंक बोलतोय. कोणत्या मासिकाचा ते विचारू नका. अब्रू त्यांची आहे, त्यांनीच सांभाळावी. माझ्या आधी या घराण्यात चौसष्ट वर्षांचे अंक होऊन गेले, माझ्यानंतर एकही नाही. म्हणजे मी शेंडेफळ. शेंडेफळाचे लाड होतात म्हणे. माझ्या वाट्याला एक भाषण आलं, आणि तेही माझ्याबद्दल नव्हतं.

माझा जन्म पुण्याच्या पेठेतल्या एका ऑफसेट छापखान्यात झाला. चौसष्ट पानं, पाठीत दोन पिना, मुखपृष्ठावर वडाचं झाड. झाड का, ते मलाही ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी माझी जुळी बहीण जन्मली: ऑनलाइन आवृत्ती. तोच मजकूर, तीच चित्रं, तेच झाड. मला चारशे घरं मिळाली आणि तिला अख्खं जग. मत्सर वाटला नाही असं म्हणणार नाही. तिची अक्षरं बोटानं मोठी करता येतात, ती फुकट आहे, आणि नागपूरला बसलेल्या माणसालाही ती त्याच क्षणी मिळते. मला मात्र टपालवाल्याची मर्जी सांभाळावी लागते.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात संपादक श्रीनिवासरावांनी मला नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा कागदाचा वास! छापील शब्दाचं पावित्र्य स्क्रीनला कुठून येणार?" समोरच्या पांढऱ्या डोक्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी जाहीर केलं की यापुढे छपाई बंद, मासिक फक्त ऑनलाइन. पुन्हा टाळ्या. मला उघडलं मात्र कोणीच नाही. मी काय अत्तराची कुपी आहे? वास घ्यायला कागद लागतोच असं नाही, वाचायला मात्र डोळे उघडावे लागतात. त्या चारशे घरांतल्या माझ्या निम्म्या भावंडांचं वेष्टनसुद्धा अजून फुटलेलं नसेल, पैज लावतो.

मी ऑफिसात राहिलो. कसब्यात, दुसऱ्या मजल्यावर. खाली तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज. माझ्या कपाळावर जांभळा शिक्का बसला, 'कार्यालयीन प्रत. बाहेर नेऊ नये', आणि मला लोखंडी कपाटात ढकललं. तिथे कापडी पुठ्ठ्यात बांधलेले जुने खंड बसले होते. आमच्या काळी असं, आमच्या काळी तसं. मला पिना, त्यांना शिवण, म्हणून मला कोपरा.

त्या म्हाताऱ्यांनी एकच कामाची गोष्ट सांगितली. अंकात चूक झाली की पुढच्या अंकात चौथ्या पानावर चौकट यायची: मागील अंकात अमुक चुकलं, ते तमुक असं वाचावं, क्षमस्व. छापलेलं परत घेता येत नाही. म्हणून जे बदललं ते चार लोकांसमोर बदललं असं सांगायचं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं बाकीचं घोरणं माफ केलं.

आता माझ्या सदतिसाव्या पानाकडे या. तिथे उत्कर्षाचा लेख आहे. ही यवतमाळकडची मुलगी. इंजिनिअरिंगला पुण्यात आली, तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, आणि खराडीच्या पलीकडे, महापालिकेत आलेल्या एका गावात सरुबाईंच्या घरी खोली घेऊन राहिली. सरुबाईंनी तिला विहिरीची हकीकत सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात गावातले पुरुष खडी फोडायला गेले होते, तेव्हा पाच बायकांनी ती विहीर खणली: मुक्ताई, सुंदराबाई, ठकुबाई, गजराबाई आणि सरुबाई. जमीन सरुबाईंच्या सासऱ्यांची, पण विहीर त्यांनी गावाला दिलेली. काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, सात दगड. पुढे दिरानं, म्हणजे माजी सरपंच आप्पासाहेबांनी, जमीन बिल्डरला विकली, विहीर बुजली आणि वर सोसायटीचं क्लबहाउस झालं. नावं, विक्रीच्या कागदावरची आप्पासाहेबांची सही, साल, सगळं एका परिच्छेदात.

जुनी रीत अशी की लेखकाला एक प्रत टपालानं जाते. तिला म्हणतात लेखकप्रत. उत्कर्षाला ती गेली नाही. श्रीनिवासराव म्हणाले, "लिंक पाठवली ना? मग झालं." पावित्र्य टपालाच्या तिकिटापाशी संपलं.

महिन्याभरानं आप्पासाहेबांचा फोन आला. श्रीनिवासरावांना फोन स्पीकरवर लावून ओरडायची सवय, त्यामुळे कपाटातल्या सगळ्यांनी ऐकला.

"अहो संपादक, आमच्या गावात विहीर कुठं हाय?"

"लेखात आहे ना, आप्पासाहेब."

"लेखात हाय, गावात न्हाई. गावात क्लबहाउस हाय. मग जे न्हाई ते लेखात कशापायी?"

या युक्तिवादाला उत्तर द्यायला कॉलेज लागत नाही. पण आप्पासाहेब मासिकाच्या व्याख्यानमालेचे स्वागताध्यक्ष. श्रीनिवासराव म्हणाले, "बघतो, बघतो."

तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या पूर्णिमाताई समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चुकीचं असेल तर पुढच्या अंकात चौकट टाकू."

"पुढचा अंक आहेच कुठे, पूर्णिमाबाई?"

"मग वेबवर खाली टीप देऊ. अमुक मजकूर वगळला आहे."

"टीप दिली की लोक विचारणार काय वगळलं. नुसतं काढून टाका."

दोन मिनिटं लागली. बहिणीच्या अंगातून एक परिच्छेद गेला. वरची ओळ खालच्या ओळीला जाऊन चिकटली, मधे ओरखडासुद्धा नाही. हे मला शक्यच नव्हतं. माझं पान फाडता येतं, खोडता येतं, जाळता येतं, पण ते दिसतं. चौसष्ट वर्षांची चौकटीची रीत चहा गार व्हायच्या आत मोडली, आणि मोडणारा माणूस संध्याकाळी 'मुद्रणसंस्कृती' या विषयावर बोलायला गेला.

पंधरा दिवसांनी उत्कर्षा जिना चढून आली. धापा टाकत, हातात फोन.

"सर, माझ्या लेखातला विहिरीचा पॅराग्राफ कुठे गेला?"

"असं कसं होईल? काहीतरी तांत्रिक अडचण असेल."

"टेक्निकल इश्यू नेमका आप्पासाहेबांच्याच सहीवर?"

मग तिनं झालेलं सांगितलं. वर्षातून एका सकाळी आसरांना नैवेद्य दाखवायला आत येऊ द्या, असा अर्ज सरुबाईंनी सोसायटीकडे केला होता. कमिटीनं विचारलं, इथे विहीर होती याला पुरावा काय? जुने कागद आप्पासाहेबांच्या ताब्यात. सरुबाई देवळातल्या बैठकीत ताठ मानेनं म्हणाल्या, पुण्याच्या मासिकात आलंय. कोणीतरी फोन उघडला, सगळा लेख मोठ्यानं वाचला. विहीर नाही, बायका नाहीत, सरुबाई नाहीत. आप्पासाहेब हसून म्हणाले, "सरूवहिनींचं वय झालं आता." आणि बैठक हसली.

"पाच जणींतली ती एकटी उरलीय, सर. चार दिवस झाले, घराबाहेर पडली नाही. मला म्हणते, माझ्याच डोक्यात काही झालं असंल का गं? तुम्ही तिला वेडी ठरवलंत."

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "छापील अंकात आहे की सगळं. फोटो काढून घे."

कपाट उघडलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला कोणी वाचलं. तिची बोटं घामानं ओली होती, सदतिसाव्या पानावर त्यांचा डाग पडला. पडू दे.

आठवड्यानं ती परत आली.

"आप्पासाहेब म्हणतात, आजकाल एआयनं काय वाट्टेल ते बनवता येतं. परगावची पोरगी, कॉलेज अर्धवट टाकलेली, तिच्या फोनवर कोण विश्वास ठेवणार? सर, मला अंकच द्या."

"कार्यालयीन प्रत बाहेर जात नाही. नियम आहे. आणि एक सांगतो, राग मानू नकोस. आधी शिक्षण पूर्ण केलं असतंस, तर लोकांनी..."

"शिक्षण पूर्ण केलेल्या माणसानं काय केलं, ते वेबवर दिसतंय. म्हणजे दिसत नाहीये."

पूर्णिमाताई उठल्या. कपाटातून मला काढलं, आवक-जावक वहीत सावकाश लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं: "लेखकप्रत एक. द्यायची राहून गेली होती."

"पूर्णिमाबाई, नियम आहे!"

"लेखकप्रतीचाही नियमच होता," त्या म्हणाल्या आणि मला उत्कर्षाच्या हातात दिलं. पण ताई, तुम्हालाही सोडत नाही मी. परिच्छेद काढताना माउसवर बोटं तुमचीच होती.

दोन बस बदलून आम्ही गावी पोचलो. सरुबाईंनी आधी हात धुतले, पदराला पुसले, मग मला मांडीवर घेतलं. त्यांना वाचता येत नाही. उत्कर्षा वाचत गेली आणि त्या एकेका नावाला एकेक बोट मिटत गेल्या. पाचव्या नावाला मूठ झाली.

"आनी हे कुनाला पुसता येत न्हाई?"

"नाही, मावशी."

"मंग उद्याच्या बैठकीला जायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आप्पासाहेबांसमोर ठेवलं. आप्पासाहेबांनी मला उलटं-सुलटं केलं, पिना पाहिल्या, जांभळा शिक्का पाहिला. एआयचं काही सुचलं नाही, तेव्हा म्हणाले, "छापलं म्हंजे खरं आसतं व्हय?"

"भावजी, मोबाइलात न्हाई म्हणून मला खुळी म्हणला व्हता. मंग कागदात हाय, तर आता कुणाला खुळं म्हणायचं?"

या वेळी बैठक हसली ती दुसऱ्या बाजूनं.

सोसायटीच्या कमिटीनंही सदतिसावं पान पाहिलं आणि वर्षातून एक सकाळ दिली. मीही गेलो होतो, पिशवीतून. फाटकावरच्या वहीत रखवालदारानं लिहिलं: नाव - सरुबाई; कोणाकडे - रिकामं; कारण - विहीर. क्लबहाउसमागच्या गवतात त्यांनी सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. शेजारी दोघं जण ट्रेडमिलवर पळत होते, जागच्या जागी.

दोन वर्षं झाली. आता मी सरुबाईंच्या पत्र्याच्या पेटीत असतो, प्लास्टिकच्या पिशवीत, अंगाला हळद लागलेली. त्यांना सगळं ठीक झालं असं वाटतं. मला नाही वाटत. सोसायटीचा मॅनेजर दर वर्षी नवा. तो आधी फोन उघडतो, लेख शोधतो आणि म्हणतो, "आजी, इथे तर असं काहीच लिहिलेलं नाहीये." मग पिशवीतून मी निघतो. उघड, दाखव, मीट. पेटीत मावावं म्हणून मला मधोमध दुमडलंय, आणि घडी आलीय नेमकी पाच नावांच्या ओळीवर. गजराबाईंचं नाव जवळजवळ गेलंय. पुढच्या वर्षी सरुबाईंचं जाईल.

बहिणीला कधी घडी पडत नाही. ती माझ्यामागे कितीतरी वर्षं राहील आणि विहीर नव्हतीच असं विचारेल त्याला सांगत राहील. दोष तिचा नाही. तिला जे ठेवायला दिलं, ते ती ठेवते.

तेव्हा श्रीनिवासराव, माझा वास पुरे झाला. तो परिच्छेद तिच्या अंगात परत घाला आणि खाली टीप द्या: हा मजकूर आम्ही गुपचूप काढला होता, चूक आमची, क्षमस्व. चौकट कशी लिहायची ते कपाटातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. काढायला दोन मिनिटं लागली होती. घालायलाही तेवढीच लागतील. तेवढं करा, मी घडीवर फाटायच्या आत.