पाण्याचे टोले

मी गॅसचा रिकामा सिलिंडर. बेटाच्या सभाघराबाहेर नीरफणसाच्या झाडाला साखळीने टांगलेला.

माझ्यातला गॅस कोणाच्या चुलीत जळला, ते आठवत नाही. जहाज मला परत न्यायला विसरले. मग पंचायतीने माझे बूड कापले आणि माझी घंटा केली. लोखंडी सळीचा मार खाल्ल्याशिवाय मला बोलता येत नाही. पण बोललो की सगळे बेट उठते. सभा, वादळ, जहाज, सगळे माझ्याच तोंडून कळायचे. मला त्याचा गर्व होता.

यंदा दहा महिने पाऊस नाही. विहिरी खारट झाल्या. पिण्याजोगे पाणी उरले ते पंचायतीच्या टाकीत. सकाळी माझ्यावर तीन टोले पडले की नळ उघडतो, पुन्हा तीन पडले की कुलूप. घरटी एक बादली. मधल्या वेळात जो आला नाही, तो त्या दिवशी कोरडा. नियम म्हाताऱ्या पंचांचा, किल्ली कारकून बारानिकोची.

एका सकाळी कुलूप लागल्यावर रोतिया धावत आली. दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन आलेली, नवरा जहाजावर नोकरीला. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, मान टाकलेली.

“बारानिकोभाऊ, अर्धीच बादली दे. पोरीला जुलाब लागलेत. दवाखान्यात होते मी. नर्स म्हणते चांगलं पाणी पाज, आणि त्यांचीच टाकी कोरडी!”

“टोले ऐकू आले नाहीत? कान माहेरी ठेवून आलीस काय?”

बादल्या घेऊन निघालेल्या बायका हसल्या.

“उद्या ये. सगळ्यांच्या आधी उभी राहा.”

रोतियाने सळी उचलली आणि मला बडवले. तसे मला कोणी कधी मारले नव्हते. बेट गोळा झाले. पंच सभाघरात बसले. तिथे प्रत्येक घराण्याची चटई ठरलेली, आणि बोलायचे ते घरच्या पुरुषाने, आपल्या चटईवरून. रोतियाच्या सासरी पुरुष एकच, तो समुद्रावर.

ती दारातून ओरडली, “आधी पाणी द्या! मग मला काय करायचं ते करा!”

“सूनबाई, दारातून ओरडायची आपल्याकडे रीत नाही,” मुख्य पंच कायाराके म्हणाले. “तुमच्या चटईवर कोण आहे?”

चटई रिकामी होती.

पाण्याचा विषय कोणी काढला नाही. घंटा वाजवायचा हक्क कोणाचा, यावर चार म्हातारे बोलले. सावकाश, आपापल्या आजोबांची नावे घेत. ऊन डोक्यावर आले तेव्हा निकाल लागला. जिने हक्क नसताना घंटा वाजवली, तिने आता वर्षभर रोज सकाळी ती वाजवावी.

निकाल ऐकायला रोतिया दारात नव्हती. ती माझ्याखाली बसली होती. मांडीवरची मुलगी गेली होती.

मयताच्या घरी आलेल्यांना चहा द्यायचा, ही रीत. त्यासाठी पंचांनी टाकीतून सहा बादल्या मंजूर केल्या. कोणी कुरकुरले नाही. दुसऱ्या सकाळी बारानिकोने सळी रोतियाच्या हातात दिली.

“मार. नळ उघडायचाय.”

तिने मारले.

तेव्हापासून रोज तीच मारते. फार हळू, झोपलेल्या मुलाला थोपटावे तशी. बेटाच्या टोकापर्यंत माझा आवाज आता पोचत नाही. टोकाच्या घरात एक बाळंतीण आहे. या आठवड्यात दोनदा तिची बादली चुकली.

मी गंजलो आहे, कडेला चीर गेली आहे. तरी सांगतो. रोतिया, जोरात मार. सगळ्या बेटाचा राग माझ्यावर काढ, पण जोरात मार.