शंभूराजचा सुपरचार्जर

सुपरचार्जर बसवून द्या म्हणून येणाऱ्या पोरांना मी आधी शिव्या घालतो, मग चहा पाजतो आणि मग परत पाठवतो. बारामतीत मोठ्या चाकांच्या गाड्या आल्या आणि त्यांच्यामागून डोंगरात, चिखलात गाड्या चढवायचं वेड आलं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबायचं यंत्र. पट्ट्यावर फिरतं, हवा दाबून आत ढकलतं, गाडीची ताकद पार दीडपट होते. उष्णताही तशीच वाढते, पण ते मोबाइलवर व्हिडिओ बघणाऱ्याला कुणी सांगत नाही. मी सांगतो. तीस वर्षं पिंपळीच्या पुढे इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज आहे आणि अय्युब मिस्त्री तोंडाचा फटकळ आहे हे दोन तालुक्यांना माहीत आहे.

वृषालीला मात्र मला काही बोलता आलं नाही.

दसरा होऊन आठ दिवस झाले असतील. सणसरहून ती भावाची जीप स्वतः चालवत आली. शेजारी तिचे वडील झुंबरतात्या, आणि त्यांच्या मांडीवर खोकं. रस्ताभर त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून आणलं होतं. खोक्यात काय आहे ते मला उघडायच्या आधीच कळलं. शंभूराजनं पुण्याहून जुन्यातला सुपरचार्जर मिळवला होता आणि तो मिळाल्याचं मला फोन करून सांगताना त्याला धड बोलताही येत नव्हतं, इतका हसत होता.

शंभूराज म्हणजे तात्यांचा थोरला. लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचा. सगळं काम माझ्याकडे शिकला आणि पुढं पुढं मलाच शिकवायला लागला. मी ओरडायचो, तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी त्याचंच बरोबर निघायचं. दीड वर्षापूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत पोरगं गेलं. सव्वीस वर्षांचं. मी त्याच्या मातीला गेलो होतो. यंत्र खोक्यातच राहिलं.

"चाचा," वृषाली म्हणाली, "डिसेंबरात मावळात स्पर्धा हाय. दादा चालवणार आणि मी शेजारी बसून वाट सांगणार, आसं आमचं ठरलं व्हतं. आता मीच चालवणार हाय. दादानं समदी मापं लिहून ठेवल्यात. हे बसवायचं का न्हाय, तेवढं तुमी सांगा. तुमी न्हाय म्हणलात तर मी परत विचारणार न्हाय."

तिनं वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. शंभूराजचं बारीक, सरळ अक्षर. मी ते पान दोनदा वाचलं.

"पोरगी चालवती चांगली," तात्या म्हणाले. "आन् अय्युबभाई, तुमी सांगितल्यापरमाणं म्या केलंय बरं का. दीड वरीस झालं, येक दिस चुकवला न्हाय. सकाळी उठलं की गाडी चालू करायची. धा मिन्टं. पाणी बघायचं. जरा कमी व्हतंय ते, मग विहिरीवरनं येक तांब्या आणून वतायचा."

मी सांगितलं होतं खरं. तेराव्याला निघताना काहीतरी बोलायचं म्हणून बोललो होतो, की गाडी उभी राहून खराब होते, रोज चालू करत जा, पाणी बघत जा. दुःखाच्या घरी माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. मला गाड्यांशिवाय दुसरं येतंय काय?

"तांब्या वतताना पोराला पाणी दिल्यागत वाटतंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष त्या खोक्यात. पाच दिवसांनी या म्हणालो आणि बापलेक एसटीनं परत गेले.

पहिल्याच दिवशी मी यंत्र बाहेर काढून इंजिनाला लावून बघितलं. ते बसवायला लागणारी लोखंडी पट्टी शंभूराजनं स्वतः कापून, भोकं पाडून तयार ठेवली होती. असल्या घरगुती कामावर माझा विश्वास नाही. यात सगळा खेळ रेषेचा असतो. खालची पुली आणि यंत्राची पुली एका रेषेत आली नाही, तर पट्टा तुटून हातात येतो. मी दोन्हींवरून दोरा ताणला, डोळा लावला, पुन्हा ताणला. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक नव्हता. चारही बोल्ट हातानं फिरवून आत गेले. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "वा रे पठ्ठ्या!" आसपास कुणी नव्हतं म्हणून बरं.

त्या दिवशी मी बसवायचं ठरवूनच टाकलं होतं. शिव्याबिव्या सगळं विसरलो.

तिसऱ्या दिवशी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. जास्तीचा दाब द्यायच्या आधी आतली तब्येत बघावी लागते, तो माझा नेम आहे. हेड उचललं आणि हात थांबला. पाणी खेळायच्या सगळ्या वाटा क्षाराच्या पांढऱ्या खरानं बुजल्या होत्या. एका ठिकाणी इंजिनाच्या ब्लॉकची भिंत वाळवी लागलेल्या चौकटीसारखी झालेली. मी खर खरवडायला म्हणून स्क्रूड्रायव्हर लावला, तर टोक भिंतीतून पार गेलं.

विहिरीचं पाणी. सणसरला कालव्याखाली वर्षानुवर्षं उसाला पाणी तुंबवून जमिनी चोपण झाल्या आणि विहिरी खारट. त्या पाण्यानं ठिबकच्या नळ्या महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतात. प्यायला घरोघरी जारचं पाणी येतं. शंभूराज असेपर्यंत या गाडीत हिरव्या कूलंटशिवाय थेंब गेला नाही. तो गेल्यावर मी तात्यांना पाणी बघा म्हणालो, कुठलं पाणी ते सांगितलं नाही, आणि म्हातारा रोज सकाळी तांब्या भरून खारं पाणी ओतत राहिला, दहा मिनिटं तापवत राहिला. दीड वर्ष. गाडी नुसती उभी ठेवली असती तर वाचली असती.

आहे तशी गावातल्या गावात ती फिरली असती काही दिवस. पण सुपरचार्जर बसवून मावळातल्या चढावर घातली असती, तर पहिल्याच खड्या चढाला पाणी इंजिनात शिरून ती बंद पडली असती. चढावर इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतो आणि गाडी मागं येते. आत वृषाली.

तेव्हा बसवायचं नाही, हे ठरलेलंच होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. का बसवायचं नाही, हे कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्यापायी दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

माझी बायको शहाजादी म्हणाली, "तात्यांना सांगू नका. त्यांचं काळीज फाटंल. यंत्र बसत न्हाय म्हणावं आन् मोकळं व्हावं."

मला ते लगेच पटलं. इतकं लगेच पटलं तेव्हाच मला माझी शंका यायला हवी होती. तात्यांचं काळीज जपायचं होतं हे खरंच, पण कुठलं पाणी ते न सांगणारा मी होतो आणि तेही त्या खोट्याखाली झाकलं जाणार होतं. निम्मं त्यांच्यासाठी आणि निम्मं माझ्यासाठी, असं ते खोटं होतं.

पाचव्या दिवशी बापलेक आले. मी हेड परत जागेवर ठेवून दिलं होतं, बोल्ट न आवळता. झुंबरतात्यांना स्टूल दिलं, आणि चहा सांगायचं सोडून आधी बोलूनच टाकलं.

"न्हाय बसत."

"का?" वृषालीनं विचारलं.

"माप चुकलंय. पट्टा रेषेत येत न्हाय. दोन सुतं इकडं जातोय."

"दादाचं माप?"

"व्हय. पोरगा हुशार व्हता, पण हितं चुकला."

वृषालीनं वहीचं पान मागितलं, घडी घालून ओढणीच्या टोकात बांधलं आणि म्हणाली, "मग स्पर्धेवाल्यांना कळवून टाकते." फोन घेऊन ती बाहेर लिंबाखाली गेली. तिथून तिचा आवाज ऐकू येत होता. गाडी येणार नाही, भावाचं माप चुकलं होतं, असं ती कुणाला तरी सांगत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तात्या स्टुलावर बसून गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घराचा जिना बांधला तवा गवंड्याचं माप त्येनं सुधारून दिलं व्हतं. बारा वर्साचा व्हता."

मी पान्हा पुसत राहिलो.

"दवाखान्यात शेवटी शेवटी लई बोलत न्हवता. जायच्या आदल्या दिशी मला म्हणला, तात्या, यंत्र बसवून घ्या, माप बरोबर हाय. तेवढंच. त्येच्यानंतर बोललाच न्हाय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तापात व्हता. तापात बोलला आसंल, आता काय म्हणायचं. तुमी जाणकार. तुमी म्हणता म्हंजी चुकलंच आसंल."

मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. गेलेल्या पोराचा शेवटचा शब्द मी दोन सुतांनी खोटा पाडला होता, आणि बाप माझं ऐकून तो खोटा मानायला निघाला होता. वर मला जाणकार म्हणत होता.

"तात्या, उठा," मी म्हणालो. "हिकडं या."

मी पट्टी लावली, यंत्र टेकवलं, दोरा ताणला. "बघा. म्या खोटं बोललो. येक सूत हिकडं न्हाय का तिकडं न्हाय."

"मग?"

मी हेड उचलून बाजूला ठेवलं. काही बोलायची गरजच पडली नाही. तात्यांनी बोट घालून पांढरा खर काढला, अंगठ्यानं चोळला आणि त्यांना कळलं. ठिबकच्या नळ्यांतून तोच खर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"आमच्या हिरीचं," ते म्हणाले.

"माझी चूक हाय, तात्या. पाणी बघा म्हणलो, पण कुठलं ते म्या सांगितलं न्हाय. सांगायला पायजे व्हतं."

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "रोज वतत व्हतो," ते म्हणाले. "म्हंजी ही म्या खाल्ली."

मला वाटलं, आता हे पडतात. मी स्टूल मागं सरकवलं. पण ते बसले नाहीत. खरानं माखलेला हात धोतराला न पुसता तसाच धरून ते म्हणाले, "दोरा परत धरा."

मी धरला. नांगराचं तास सरळ पडलंय का बघावं तसे ते वाकले, एक डोळा मिटला आणि दोऱ्यावरून खालच्या पुलीपर्यंत बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझे हात भरून आले. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं आणि उघड्या डोळ्यातूनही.

"सरळ हाय की वो," ते म्हणाले. "अय्युबभाई, पार सरळ हाय."

"तंतोतंत हाय, तात्या. एवढं सरळ माझ्याच्यानंसुदिक झालं नसतं."

"मग आसं सांगायचं का न्हाय आधी!" ते माझ्यावर ओरडले. सणसरच्या झुंबरतात्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. दोरा माझ्या हातून सुटला.

ओरडणं ऐकून वृषाली धावत आली. उघडं इंजिन, बापाचा पांढरा हात, माझं तोंड, सगळं तिनं एकदा बघितलं. शेतकऱ्याचीच मुलगी ती, तिलाही सांगावं लागलं नाही. ती वडिलांचा हात धरायला गेली.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "मघाशी फोनवर काय सांगितलंस त्यांला?"

"गाडी येत न्हाय म्हणून."

"आन् का येत न्हाय म्हणून सांगितलंस?"

वृषालीनं मान खाली घातली.

"परत लाव."

"तात्या, त्या मानसाला काय कळणार हाय? तो दादाला वळखतबी न्हाय."

"लाव म्हणतो न्हवं."

तिनं लावला. पलीकडून कुणीतरी उचलला तसा तात्यांनी फोन हातात घेतला, टोपी नीट घातली आणि ताठ उभे राहिले.

"हॅलो. मी सणसरवरनं शंभूराजचा बाप बोलतोय. मघाशी पोरीनं तुमाला चुकीचं सांगितलं. गाडी येत न्हाय ती माझ्यामुळं. इंजिन म्या घालवलं, खारं पाणी वतून. पोराचं माप बरोबर व्हतं. तेवढं ध्यानात ठेवा."