संक्रांतीच्या सुट्टीतली गंगा

तारनाक्याच्या आमच्या सोसायटीत कारंज्यापाशी बाटल्या, कळशा घेऊन रांग लागली होती. संक्रांतीला बहुतेक घरं गावी गेलेली. मागे राहिलेले झाडून सगळे इथे. जिथे एरवी पिवळट, वास मारणारं पाणी उडायचं, तिथे आता तळाची फरशी दिसत होती.

"मैं कुछ नै किया," कारंज्याशेजारी धूप लावून बसलेले महाराज छातीवर हात ठेवून सांगत होते. "एक नारळ सोडला, गंगामाई खुद आली!"

गंगामाईला यायला ड्रेनेजचाच पाइप सापडला! कारंज्यात येतं ते सोसायटीचं सांडपाणी, प्रक्रिया करून झाडांपुरतं बरं केलेलं. ती प्रक्रिया मीच बघतो.

शेजारच्या भामाकाकू ते पाणी तीर्थ म्हणून पीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ओकून ओकून गळून गेलेल्या.

"काकू, दवाखान्यात चला."

"नक्को रे शिवराज. महाराज बोलले, आतलं विष निकलतंय. गोळी घेतली की गुण जातो."

धावत सांडपाण्याच्या प्लांटवर गेलो आणि मीटर बघितलं. घरं रिकामी, म्हणून सांडपाणी तिसऱ्या हिश्शावर आलेलं. क्लोरीनचा पंप मात्र मी भरल्या सोसायटीच्या हिशेबावरच ठेवलेला. म्हणजे दर लिटरला तिप्पट औषध! त्यानेच रंग गेला, घाण वास गेला. क्लोरीनचा वास महाराजांच्या धुपाने झाकला.

गुपचूप पंप कमी करावा, असं क्षणभर मनात आलं. नोकरी वाचली असती. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

काकूंना रिक्षाने दवाखान्यात पोचवलं आणि परत येऊन रांगेसमोर उभा राहिलो. "हा चमत्कार नाही, माझी चूक आहे. बाटल्या ओतून टाका."

"नास्तिक!" महाराज ओरडले.

"असेन. आता मी पंप कमी करतोय. तुम्ही पोतंभर नारळ सोडा. उद्या पाण्याचा रंग सगळेच बघतील."

सकाळी पाणी पुन्हा पिवळट झालं होतं. महाराज उजाडायच्या आतच निघून गेले होते.

दवाखान्यात काकूंना सलाईन लावलं होतं. "पानी साफ झालेलं तुला परवाच दिसलं की," त्या हळूच म्हणाल्या. "तवाच का नै बोललास?"

नितळ पाणी बघून मीही खूश झालो होतो. आपला प्लांट छान चाललाय म्हणून मोजायचंच सोडून दिलं. महाराजांच्या भक्तांत आणि माझ्यात फरक तो काय उरला?

म्हणून हात जोडून सांगतो, पाणी एकाएकी नितळ झालं तर आधी विचारा, का झालं? महाराजांना विचारा आणि मलाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत एक घोटही घेऊ नका.