नागलीच्या डब्यातला फोन

मी बटणांचा एक जुना, साधा फोन आहे मित्रांनो. जुना म्हणजे किती? माझ्या बटणांवरचे आकडे कधीच पुसले गेले आहेत. माझ्या मालकिणीचं त्यावाचून काही अडत नाही, कारण तिला आकडे वाचताच येत नाहीत. माझ्या पोटात नागलीचा, म्हणजे नाचणीचा, एक दाणा अडकलेला आहे. मला हलवलं की तो खुळखुळतो. तो तिथे कसा गेला, हे सांगतोच.

माझी मालकीण भागीबाई. तिचा पाडा पेठ तालुक्यातल्या डोंगरात. दिवाळी झाली की वीस बायांची टोळी घेऊन ती दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरते. बाया किती हव्यात, कधी हव्यात, हे मळेवाले तिलाच विचारतात. सात वर्षांपूर्वी तिने मला दिंडोरीच्या बाजारात घेतलं. तेव्हा मी नुसता डबा होतो. मला शहाणं केलं ते तिच्या लेकीने, मीनाने. तिने माझ्या बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. दोनवर लाल, ते मळेवाले किशोरभाऊ. तीनवर निळा, तो पेठचा जीपवाला गोटीराम. चारवर गुलाबी, म्हणजे घर, पुंजाबाबांचा फोन. बटण दाबून धरलं की फोन लागलाच.

भागीबाईने पहिल्यांदा गुलाबी ठिपका दाबला आणि पाड्याजवळच्या टेकडीवरून नवऱ्याचा आवाज आला, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. ते हसू माझ्यासाठीच होतं, असं मला अजूनही वाटतं.

कामात मी कधी कुचराई केली नाही. घड फुगावेत म्हणून ते एकेक करून औषधाच्या मगात बुडवतात. त्याला डिपिंग म्हणतात. दिवसभर हात ओले आणि चिकट. तशाच हाताने भागीबाई मला कमरेच्या पिशवीतून काढायची आणि न बघता बटण दाबायची. एकदा मी हातातून सटकलो तो थेट मगात! बायांनी माझ्या नावाने आंघोळच केली. भागीबाईने मात्र मला पुसलं आणि तीन दिवस नागलीच्या डब्यात पुरून ठेवलं. चौथ्या दिवशी मी वाजलो. तो दाणा तेव्हाचा.

यंदा तिच्या मुलाने, दिनेशने, मोठ्या हौसेने मोठा फोन आणला. तो सातपूरच्या कंपनीत कामाला आहे. "आई, आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. तुझ्या या डब्यात काय येणार?" तो म्हणाला. नवा नंबर त्याने एकूण एक मळेवाल्याला कळवला. पुंजाबाबांच्या फोनमध्ये एकच बटण लावलेलं होतं, माझ्या नंबराचं; ते बदलायचं तेवढं राहून गेलं.

खरं सांगतो, मोठा फोन देखणा होता. मला राग आला आणि रडूही आलं. भागीबाईने मला पुन्हा नागलीच्या डब्यात ठेवलं, पण बंद करायला तिचा हात धजेना. "राहू दे चालू. हा कितीसा खातो?" असं म्हणत आठवड्यातून एकदा ती मला चार्जिंगला लावायची.

तिचा सगळा जीव तेव्हा मीनामध्ये अडकला होता. मीना बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं मागचं बाळ गाडी वेळेवर न मिळाल्याने गेलं होतं. या वेळी भागीबाईने शब्द दिला होता, "तू नुसता आवाज दे पोरी. गाडी मी धाडते." तारखेला पंधरा दिवस होते आणि येत्या रविवारी ती घरी जाणारच होती.

शुक्रवारी सकाळीच मी वाजलो. पुंजाबाबांचा फोन! पाड्यावर रेंज नाही. बोलायचं तर त्यांना टेकडी चढावी लागते, म्हणून ते उगाच कधी फोन करत नाहीत. बाया बागेत गेलेल्या, मी डब्यात, वर झाकण. मी एकदा वाजून थांबलो. दुसऱ्यांदा वाजलो. मित्रांनो, इतका जीव तोडून मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

मळ्यावरच्या आमच्या झोपडीत टोळीतली म्हातारी सरुबाई तापाने फणफणून झोपली होती. ती दचकून उठली. "कोण हाय रं डब्यात?" तिने भीत भीत झाकण काढलं. तिने उभ्या जन्मात फोन केला नव्हता, पण भागीबाई हिरवं बटण दाबते एवढं तिने पाहिलेलं होतं.

"भागे, मीनीला कळा सुरू झाल्या! गाडी धाड!" पुंजाबाबांना धाप लागली होती.

"मी सरु हाय. टेकडीवरून उतरू नको बाबा, तिथंच थांब," असं म्हणून ती मला मुठीत धरून तशीच बागेकडे पळाली.

भागीबाईचे हात औषधाने माखलेले होते. मोठा फोन तारेला अडकवलेल्या पिशवीत होता. तो उघडायला कोरडी बोटं लागतात. तिने तिकडे पाहिलंही नाही. निळा ठिपका दाबून धरला.

"गोटीराम, मीनीला दवाखान्यात ने. आत्ता!"

"निघालो मावशी."

लगेच गुलाबी ठिपका दाबून तिने नवऱ्याला गाडी निघाल्याचं सांगितलं. मग ती वेलींच्या सावलीत बसून राहिली. दुपारपर्यंत तिने मला खाली ठेवलं नाही. माझ्यावर औषधाचा चिकटा वाळला होता, पण मी हूं की चूं केलं नाही. शेवटी मी वाजलो.

"पोरगी झाली," पुंजाबाबा म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत."

टोळीची मुकादम असलेली भागीबाई त्या दिवशी सगळ्या बायांसमोर रडली.

रविवारी घरी गेल्यावर तिने मोठा फोन दिनेशच्या हातात ठेवला. "तुझा फोन लय चांगला हाय रे. पण तो माझे हात वाळायची वाट बघतो." दिनेशने उठून मीनाची नेलपॉलिशची बाटली आणली. मीनाने माझ्या पाचच्या बटणावर पिवळा ठिपका दिला आणि मांडीवरच्या बाळाकडे पाहून म्हणाली, "ही हिची जागा."

मित्रांनो, नवं जरूर घ्या. त्याचाही काही दोष नसतो. पण जुन्याला कायमचं बंद करण्याआधी, त्याच्या भरवशावर अजून कोण आहे, एवढं बघा. माझी भागीबाई शाळेत गेली नाही, पण हे तिला कळलं होतं.

कधीकधी काम संपल्यावर ती पाचचं बटण उगाचच दाबून धरते. तिथे अजून कुणाचाच नंबर नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी दर वेळी लावून बघतो.